वधूपक्षाच्या खोलीतले सागरगोटे

माझा थोरला लेक हिंदुराव दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी त्याच्या पोराचे मार्क विचारतो. ही खोड त्याच्या बापाची नव्हे. बापाला आपली पोरं कितवीत आहेत हे शेवटपर्यंत कळलं नाही. माझीही नव्हे. मी दुसरीत असताना मास्तरांनी छडी उगारली, मी ती हातातून ओढून घेतली आणि घरी आले, ती परत गेले नाही. हिंदुराव मात्र दूध संघात सुपरवायझर झाला आणि तेव्हापासून त्याला माणसंही कॅनमधल्या दुधासारखी दिसायला लागली. याला फॅट किती लागली, त्याला किती लागली.

त्या दिवशीही त्यानं तेच केलं. आम्ही मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसलो होतो. समोरून एक पोरगी आली, मागं तिचा भाऊ, त्याच्या खांद्यावर पत्र्याची पेटी. चालून चालून दोघांची तोंडं सुकलेली. हिंदुरावच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता.

"नाव काय?" त्यानं विचारलं.

"अनसूया ऐवळे."

"गाव?"

"सांगोल्याच्या पुढं."

"वडील काय करतात?"

"दोर वळतात."

हिंदुरावनं तांब्या पायरीच्या पलीकडच्या कडेला सरकवला. मग विचारलं, "मार्क?"

पोरीनं सांगितले. आमच्या वैजूपेक्षा थोडे जास्त निघाले. हिंदुरावचं तोंड नासलेल्या दुधागत फाटलं. मी उठले, तो तांब्या उचलला आणि दोघा बहीण-भावांना पाणी पाजलं. दारात आलेल्याला आधी पाणी, हा माझ्या सासूचा नियम. सासूचा म्हणून मी एवढा एकच नियम पाळला, बाकीचे तिच्याबरोबर गेले. हिंदुराव संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मलाही कुठं घाई होती.

वैजू म्हणजे हिंदुरावची मुलगी, वैजयंता, माझी नात. तिला जनावरांच्या डॉक्टरकीला जायचं होतं. आता तिच्याही कानाशेजारचे केस पांढरे व्हायला लागलेत, पण तेव्हा ती बारावी होऊन नुकती कुठं कॉलेजच्या दारात उभी होती. कॉलेज ज्या गावात होतं त्याचं नाव मी सांगत नाही. गावाचा काही दोष नाही, आणि माझ्या लेकाचा आहे तो मी सांगणारच आहे.

त्या काळी प्रवेश घरात बसून होत नव्हता. नंबराप्रमाणे नाव पुकारायचे, पोरानं उठून साहेबासमोर जायचं, जागा घेतली म्हणून सही करायची. नाव पुकारलं आणि माणूस नसला तर पुढचं नाव. जागा उरल्या तर दुसरी फेरी, मग तिसरी. तोवर लांबून आलेल्यांनी राहायचं कुठं? आषाढात लग्नं नसतात, म्हणून जंगम मॅनेजरानं आपलं मंगल कार्यालय पोरांना आणि त्यांच्या माणसांना राहायला दिलं होतं. एका खोलीच्या दारावर 'वधूपक्ष' लिहिलेलं, तिथं मुली आणि बायका. दुसऱ्या दारावर 'वरपक्ष', तिथं मुलं आणि बापे. मी पहिल्या दिवशीच म्हणाले, "एकदा वधूपक्षात होते तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता तरी गादी मऊ द्या." जंगम हसला आणि त्यानं मला नवरीची खुर्ची आणून दिली, लाल मखमलीची, एक हात मोडलेली. मी मुक्काम होता तोवर त्याच खुर्चीवर बसले.

अनसूयेचा भाऊ एका साखर कारखान्यात कामाला होता, त्याला परतायचं होतं. जाताना तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "आजी, तुमच्या भरवशावर ठेवून जातो." मी म्हटलं, "जा, माझ्या डोळ्यांना अजून दिसतं." मी शब्द दिला तो असा, पायरीवर उभ्या उभ्या. त्याचा फार विचार केला नव्हता. आपण कुणाचं लेकरू सांभाळतो म्हटलं की सांभाळतो, त्यात विचार काय करायचा.

पहिल्या दोन फेऱ्या झाल्या, बरीच माणसं पेढे नाहीतर पडलेलं तोंड घेऊन आपापल्या गावी गेली. कार्यालय रिकामं व्हायला लागलं. वधूपक्षात उरलो मी, वैजू आणि अनसूया. दोघींचा नंबर पुढं-मागं होता. अनसूया आधी, लगेच तिच्यामागं वैजू. वरपक्षात हिंदुराव, फलटणकडची दोन-तीन मुलं आणि ताजू शिकलगार. हा ताजू म्हणजे एक वल्लीच. काडीसारखा बारीक, पण गळ्यात सगळं रान बसवलेलं. तित्तराचा आवाज काढायचा, लावा काढायचा, होला काढायचा. गाईचं वासरू तर असं काढायचा की जंगमच्या परड्यातली गाय दावं ताणून हंबरायची. मात्र वासराचा आवाज काढताना शेवटी त्याचा गळा फाटायचा आणि वासराचं बोकड व्हायचं. अनसूया त्याला म्हणायची, "ताज्या, तुझ्या वासराला जंत झालेत."

पोरं वाट बघून बघून शिणली की भांडतात नाहीतर खेळतात. ही खेळली. लग्न लावायच्या स्टेजवर सगळी जमायची. अनसूयेच्या पेटीत कपडे थोडे आणि रंगीत सूत जास्त. ती बैलाच्या तोंडाची मोरकी विणायची, शिंगांचे गोंडे करायची. बाप दोर वळायचा, पण गोंडे तिचे तिनं काढलेले. लाल सुतात हिरवं असं फिरवायची की जिथं हात थांबला तिथं फूल दिसायचं. ताजूला तिनं गाठी शिकवल्या, ताजूनं तिला तित्तर शिकवला. तिच्या तोंडून तित्तर कधी आला नाही, नुसती वाफ आली, पण हसायला ते पुरं होतं.

वैजूजवळ तिचे स्वतःचे सागरगोटे होते. खरं तर माझे. कुंपणाच्या काटेरी वेलीचे, राखी रंगाचे, माझ्या आईनं तोडून आणलेले. माझ्या हातात घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. माहेराहून मी दोन भांडी आणि पाच सागरगोटे घेऊन आले होते. भांडी हिंदुरावनं मोडीत घातली. सागरगोटे मी त्याच्या हाती लागू दिले नाहीत.

खेळ साधाच. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, शेवटी चारी एकदम. उचलताना शेजारच्या गोटीला धक्का लागता कामा नये. लागला, ती जराशी जरी हलली, तर डाव गेला. पण आमच्या माहेरच्या खेळाला एक कायदा होता आणि मी तो पहिल्या दिवशीच स्टेजवर सांगितला. हलली की नाही हे समोरच्यानं बघायचं नाही. ज्याचा हात, त्यानं सांगायचं. 'हलली' म्हणायचं, गोटे खाली ठेवायचे आणि तळवा उताणा करायचा. बास.

ताजू म्हणाला, "आजी, आणि कुणी नाहीच सांगितलं तर?"

"तर त्यानं जिंकावं की," मी म्हटलं. "आणि जिंकलेलं घेऊन एकट्यानं बसावं. आम्ही त्याच्याशी पुन्हा खेळत नव्हतो."

मी सगळ्यांना हरवलं हे सांगायला नको, पण सांगते. फलटणची पोरं तर म्हणाली, आजीच्या हाताला चुंबक आहे.

हिंदुराव हे सगळं खांबाला टेकून बघायचा. त्याला स्टेजवरचा तो गोंधळ आवडत नव्हता. वैजूला म्हणायचा, "लोकांची पोरं इथं येऊन ओळखी काढतात, कुणाचा मामा कुठं साहेब आहे ते बघतात, आणि तू गोट्या खेळतेस." वैजू म्हणायची, "आप्पा, यादी लागलीय. आता गोट्या खेळल्यानं ती खाली-वर होत नाही." पोरगी उलट बोलायला माझ्याकडून शिकली होती, तेवढं श्रेय मी घेते.

रोज संध्याकाळी कॉलेजच्या बोर्डावर काय लागलंय ते बघायला एकानं जायचं आणि येऊन सगळ्यांना सांगायचं, असं ठरलं होतं. सगळ्यांनी कशाला तंगडतोड करायची? त्या दिवशी पाळी हिंदुरावची होती. तो परत आला तेव्हा दिवे लागायचे होते. स्टेजवर वैजू आणि अनसूया खेळत होत्या, ताजू शेजारी बसून गोंड्याची गाठ सोडवत होता.

हिंदुराव म्हणाला, "मुलींची एकच जागा उरली आहे. उद्या दुपारी तीनला पुकारणार. मुलांचं परवा."

हिशेब करायची गरजच नव्हती. एक जागा, पुढं अनसूया, मागं वैजू. वैजूच्या हातात वर उडवायची गोटी होती, ती तिनं उडवलीच नाही. अनसूया खाली बघत राहिली. दोघींनाही एकमेकींकडे बघवेना. मी खुर्चीवरून म्हणाले, "डाव कुणाचा आहे?"

"माझा," अनसूया म्हणाली.

"मग खेळ. जागा एक आहे म्हणून गोटे पाचाचे चार होत नाहीत."

ती खेळली. एकेक सुटले, दोन-दोन सुटले. चारी एकदम उचलायला गेली, उचलले, वरची झेलली, मूठ भरली. वैजू म्हणाली, "जिंकलीस गं." आणि अनसूयेनं मूठ उघडून गोटे जमिनीवर ठेवले. "हलली," ती म्हणाली. "उचलायच्या आधीच करंगळी लागली एकीला." आणि तळवा उताणा केला.

हिंदुराव खांबाजवळून पुढं आला. "कुणीच बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "मग बोललीस कशाला?"

अनसूयेला प्रश्नच कळला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "मला कळलं होतं ना, काका," ती म्हणाली.

मग एक गोष्ट झाली जी मला तेव्हा फार बरी वाटली. हिंदुराव तिथंच स्टेजच्या कडेला बसला. तिच्या हातातला गोंडा मागून घेतला, फिरवून बघितला, म्हणाला, छान विणतेस. म्हणाला, उद्या इथं गुरांचा बाजार भरतो, ओढ्याच्या पलीकडे. माणदेशातनं खिलार बैल येतात, शिंगांच्या टोकांना पितळेच्या शेंब्या घातलेले, बघण्यासारखे. सकाळी जाऊन ये. बघ, कुणी गोंडे घेतीलही. तीनपर्यंत इथं बसून तरी काय करणार? इतक्या दिवसांत तो त्या पोरीशी पहिल्यांदा नीट बोलला होता. मी मनात म्हटलं, चला, माझ्या लेकाच्या आत कुठंतरी त्याची आजी, माझी सासू, अजून शिल्लक आहे.

सकाळी मी स्वतः तिला भाकरी बांधून दिली. वर लसणाची चटणी. "बैलांच्या मागं उभी राहू नको," म्हटलं. ती हसली. "आजी, डॉक्टर व्हायला निघालेय मी." आणि ओढ्याकडे गेली, गोंड्यांची पिशवी हलवत.

ती गेल्यावर हिंदुरावनं वैजूला आवाज दिला. कागदांची झेरॉक्स काढायची राहिलीय, चल. वैजू म्हणाली आजीला पण नेऊ, तर म्हणाला, आईचे गुडघे दुखतात, उगीच कशाला. माझे गुडघे त्याला एरवी कधी आठवत नाहीत. मी खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होते. मला काही वाटलं नाही.

मग जंगम मॅनेजर झाडू घेऊन आला. वधूपक्षाच्या दारात थबकला. "आजी, तुम्ही गेला नाहीत? नातीचा प्रवेश बघायला?"

"तीनला आहे," मी म्हटलं.

"तीनला कुठं? मुलींचं सकाळी घेतलंय, मोठ्या साहेबांना दुपारी मुंबईला जायचंय म्हणून. काल हिंदुरावच म्हणाले मला. सकाळी आमचं उरकतं, दुपारपर्यंत खोली मोकळी करून देतो." त्यानं जमिनीवरचा सुताचा धागा झाडूनं बाजूला केला. "ती दुसरी मुलगी गेली ना?"

सुपातले तांदूळ सांडले. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. डोक्यात एकामागून एक सगळं जागेवर बसत गेलं. तो गोंडा हातात घेणं. खिलार बैल. शेंब्या. माझे गुडघे. आणि ती भाकरी, मी माझ्या हातानं बांधून दिलेली. माझ्या लेकानं माझ्याच चटणीनं तिची वाट अडवली होती.

"ताजू," मी हाक मारली. "गाडी येते का तुला?"

जंगमची लुना दारात उभी होती. त्याला विचारायला वेळ नव्हता आणि तोही नको म्हणाला नाही. मी आयुष्यात बैलगाडीत बसले, एसटीत बसले, एकदा ट्रॅक्टरवर वरातीत बसले. लुनावर कधी नाही. नऊवारीचा काष्टा आवळला, ताजूच्या बारीक कमरेला दोन्ही हातांनी धरलं. तो म्हणाला, "आजी, मला श्वास घेऊ द्या." मी म्हटलं, "नंतर घे."

वाटेत त्याला सांगितलं काय झालंय ते. त्यानं गाडी अजून पळवली.

बाजारात जाऊन बघतो तर नजर जाईल तिथवर जनावरं. बैल, गाई, शेरडं, दलाल, रुमालाखाली हात घालून सौदे करणारे. ह्यात एक पोरगी शोधायची कशी? ताजू इकडे पळाला, तिकडे पळाला, नुसत्या हाका मारत. त्या गलक्यात हाक कुणाला ऐकू जाणार? मी त्याला ओढून एका रिकाम्या बैलगाडीवर चढवलं. "माणसाच्या आवाजात हाका मारू नको," म्हटलं. "वासरू काढ."

त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि काढलं. बाजारातल्या साऱ्या गाई एकदम वळल्या. त्यांच्या हंबरण्यानं कानठळ्या बसल्या, दावी ताणली गेली, एक दलाल ताजूच्या खानदानाचा उद्धार करत काठी घेऊन धावला. मी त्याच्यापुढं उभी राहिले. "आधी मला मार," म्हटलं, "मग पोराकडं जा." ताजूनं पुन्हा काढलं. शेवटी नेहमीसारखा गळा फाटला, वासराचं बोकड झालं.

आणि पार टोकाला, बाभळीखाली, एका पांढऱ्याशुभ्र खिलाराच्या शिंगाला गोंडा बांधत असलेलं एक डोकं वर झालं. तिनं इकडे बघितलं आणि हसली. इतकी लांब होती तरी मला कळलं की हसली. तिला वाटलं, ताज्या गंमत करतोय.

लुनावर तिघं कशी बसलो ते ज्यानं बघितलं त्यानंच सांगावं. मी तिला वाटेत एवढंच म्हणाले, वेळ बदललीय, आत्ता पुकारतायत. "काका तर तीन म्हणाले होते," ती म्हणाली. आणि तिचं तिलाच कळलं. हुशार पोरगी, मार्क काय उगीच मिळाले नव्हते.

कॉलेजच्या हॉलचं दार उघडं होतं. मी उंबऱ्यात पोचले आणि आतलं बघून तिथंच थांबले. टेबलामागं साहेब आणि एक कारकून. टेबलासमोर वैजू उभी. साहेबानं कागद तिच्याकडे सरकवला होता, त्यावर पेन ठेवलेलं होतं. पहिल्या रांगेत हिंदुराव, इस्त्रीचा सदरा घालून.

"सही करा," कारकून म्हणाला.

वैजूनं पेन उचललं नाही. "सर, माझ्या आधी ऐवळे आहे," ती म्हणाली.

"तीनदा पुकारलं. नाही आली."

"तिला दुपारची वेळ सांगितली होती."

"बोर्डावर तर कालच लागलंय. कुणी सांगितली दुपारची?"

वैजूनं मागं वळून बापाकडे बघितलं. हिंदुरावनं मान हलवली, अगदी थोडी, सांगू नको म्हणून. तशी मान तो लहानपणी बहिणींशी सागरगोटे खेळताना, त्याची गोटी हलली की हलवायचा. वैजू पुन्हा साहेबाकडे वळली.

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पण हॉलमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. आणि मग तिनं टेबलावर हात ठेवला. तळवा उताणा.

साहेब चष्मा काढून पुसायला लागला. म्हणाला, मुली, कारण काही असो, गैरहजर म्हणजे गैरहजर. तू सही कर नाहीतर मला पुढचं नाव पुकारावं लागेल. तेवढ्यात मी अनसूयेला पाठीवर हात देऊन आत ढकललं. तिचे पाय घोट्यापर्यंत शेणात भरलेले, केसांत लाल सूत अडकलेलं.

"गैरहजर कोण?" मी उंबऱ्यातून म्हणाले. "ही काय उभी आहे. आणि तुमच्या कागदावर अजून कुणाची सही दिसत नाही."

कारकुनानं साहेबाकडे बघितलं. साहेबानं कागदाकडे. खरंच कुणाची सही नव्हती. वैजूनं तेवढा वेळ तो कागद कोरा ठेवला होता. साहेबानं अनसूयेला नाव विचारलं, यादी बघितली आणि कागद फिरवून तिच्यापुढं केला. अनसूया पेन हातात घेऊन वैजूकडे बघत राहिली. तिला लिहवेना.

"डाव तुझा आहे," वैजू म्हणाली. "बस." आणि तिला खुर्ची ओढून दिली.

लोक मला अजून विचारतात, मग वैजू पुढं डॉक्टर झाली का? नाही झाली. त्या साली ती घरी राहिली, पुढच्या साली यादीत नंबर लागला नाही. शेतकीचा डिप्लोमा केला, आज आमचा गोठा बघते, तिच्या म्हशी चांगल्या आहेत. पण आजारी म्हशीला सुई टोचायला दुसऱ्याला बोलवावं लागतं, तेव्हा ती दावं धरून त्याच्या हातातल्या सुईकडं बघत राहते. ते मी बघते. लोकांना गोड शेवट हवा असतो, माझ्याकडे तो नाही. मी बाजारात गेले नसते तर ती जागा माझ्या नातीची झाली असती, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. तरी मी गेले असते. लुना नसती तर चालत गेले असते.

आम्ही कार्यालयावर परत आलो. अनसूयेला फॉर्म भरायला थांबावं लागलं, ती मागून येणार होती. वधूपक्षाच्या खोलीत शिरल्यावर हिंदुरावचा बांध फुटला. त्यानं वैजूच्या पिशव्या स्टेजवर आणून आदळल्या. ताजू आणि फलटणची पोरं खांबामागं उभी होती, जंगम झाडू धरून दारात, त्या कुणाची त्याला पर्वा नव्हती.

म्हणाला, कुणासाठी केलं मी? स्वतःसाठी केलं? पोटच्या पोरीसाठी केलं. म्हणाला, तुम्ही दोघींनी भरल्या हॉलात माझी अब्रू काढली, परक्या पोरीसाठी. कोण लागते ती आपली? तिला आज ना उद्या कुठंतरी मिळालीच असती जागा, त्यांना मिळतात. आपल्याला कोण देतो? वैजू स्टेजच्या पायरीवर बसून सागरगोटे एकेक करून पिशवीत टाकत होती. तिनं मान वर केली नाही. रडतही नव्हती.

मग त्यानं आवाज खाली आणला. माझ्याजवळ येऊन, लहानपणी चोरी पकडल्यावर यायचा तसा येऊन म्हणाला, "आई, झालं ते झालं. गावात एवढंच सांग की मार्क कमी पडले. बाकी काही बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला."

त्याच वेळी अनसूया दारात आली. चालत आली होती. पाय तसेच शेणाचे, हातात कॉलेजचा कागद, आणि ओठ पहिल्या दिवसासारखे सुकलेले. आत यावं की नको हे न कळून ती उंबऱ्यातच उभी राहिली. तिच्या आणि हिंदुरावच्या मध्ये, स्टेजच्या कडेवर, पाण्याचा तांब्या होता.

मी नवरीच्या त्या मोडक्या खुर्चीवर बसले, काष्टा सारखा केला आणि लेकाला म्हणाले, "हिंदुराव, तुझी शपथ मी घेत नाही. गावात जो विचारेल त्याला सांगणार, पोरीचे मार्क थोडेच कमी पडले, बाप फार कमी पडला. वैजूच्या कुठल्याही कागदावर आजपासून तुझी सही होणार नाही. मी करीन, मला माझं नाव लिहिता येतं. राहता राहिली तुझी अब्रू. ती मी काढली नाही, जी काही उरलीय ती तुझ्या पोरीनं खरं बोलून राखलीय. आता तो तांब्या उचल. ती पोरगी उन्हातानाची चालत आलीय. तिला काही विचारू नको. आधी पाणी दे."